बिनमिठाचा पाव

३ मार्च, सोमवार

गिरणीवाला दर वर्षी मैद्याच्या पोत्यांबरोबर एक डायरी पाठवतो. आजवरच्या सगळ्या डायऱ्यांची पानं ट्रेला लागलेलं तेल पुसण्यात गेली. आज पहिल्यांदाच एक उघडून लिहायला बसलोय. मनातलं सांगायचं तर मी ते बायकोला सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. आणि आज मनात आहे ते तिच्याबद्दलच, त्यामुळे पंचाईत.

हिची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून कुरकुरतायत. आज डॉक्टरबाईंनी नवी गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक. लागू पडली तर डायलिसिस काही वर्षं लांब ठेवता येईल, म्हणाल्या. चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, म्हणजे एकतीस तारखेला. या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेवढ्यावर नजर ठेवायची. "बाकी पथ्यपाणी औषधवाल्याला विचारा, तो नीट समजावतो," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

समजावतो कसला, पाऊण तास घेतला त्याने. बेकरीच्या वरच आमचं घर, आणि समोरच्याच कोपऱ्यावर त्याचं दुकान. पंचावन्नच्या आसपासचा बारीक माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. ही शाळेत तीस वर्षं गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाली. त्याने एक आकडा सांगितला की ही दुसरा सांगे. मग तो मान डोलावे आणि ही खूश. एकदा दोघं हसले. कशाला हसले ते मला कळलं नाही. मी मागे पिशवी धरून उभा होतो.

घरी येताना ही म्हणाली, "किती छान सांगतात ना?" मी म्हटलं, "त्याचा धंदाच आहे तो."

६ मार्च, गुरुवार

हिचं डोकं दुखत होतं. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या कपाटात असतात, त्यातली एक काढून पाण्याबरोबर समोर ठेवली. ही म्हणाली, "थांबा, आधी त्यांना विचारते."

त्यांना. चौतीस वर्षं या घरात ही 'ते' म्हणाली की समोरच्याने मला समजायचं. शेजारीण, लेक, हिच्या शाळेतली शिपाईबाई, सगळ्यांना ठाऊक. आता 'ते' समोरच्या कोपऱ्यावर बसतात.

फोन झाला. तो म्हणाला, ती गोळी अजिबात नको, त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला वाईट. दुसरी कुठली तरी सांगितली. हिने माझी गोळी परत पाकिटात ठेवली आणि म्हणाली, "बघा, विचारलं ते बरं झालं." असेल बरोबर. मला ते बरोबर असण्याचाच राग आला.

१० मार्च, सोमवार

मीठ कमी करायचं ठरलंय. सगळ्यात जास्त मीठ पावातून पोटात जातं, असं त्याने हिला सांगितलं. म्हणजे आता तो माझ्या भट्टीपर्यंत पोचला.

घरचा स्वयंपाक पहिल्यापासून माझ्याकडे. ही शाळेच्या वह्या तपासायची आणि मी भट्टीवरून आलो की भांडी चढवायचो. तेव्हा पथ्य मीच सांभाळणार हे उघड आहे. आज हिच्यासाठी बिनमिठाचा पाव केला. मीठ नसलं की मळलेलं पीठ हात सोडत नाही, वेळेआधी फुगतं आणि भट्टीत गेलं की बसतं. कड पांढरीफटक. चव म्हणावी तर ओल्या पुठ्ठ्याची. हिने दोन काप मुकाट्याने चावले आणि म्हणाली, "सवय होईल."

सदतीस वर्षं पाव भाजतोय. माझ्या पावाची कुणाला सवय करून घ्यावी लागली नव्हती.

पाच वाजता औषधवाला रोजच्यासारखा पाव घ्यायला आला. त्याला भट्टीच्या पार मागच्या कोपऱ्यातला, बुडाशी करपलेला दिला. तो घेऊन, "थँक यू, पाववाले," म्हणून गेला. पाव उलटा करून पाहिलासुद्धा नाही. तेवढ्याने मला बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. उद्या पुन्हा तसलाच देईन बहुतेक.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी ही त्याच्याकडून आली ती एक घडी घातलेला कागद घेऊन. खिडकीपाशी बसून वाचला, पेन काढून त्यावर काहीतरी खरडलं, स्वतःशीच हसली आणि पर्समध्ये ठेवला. मी पीठ चाळत होतो, पण सगळं दिसत होतं.

"काय आहे?"

"यादी आहे. काय चालतं, काय नाही. रात्री जेवण झाल्यावर देते."

जेवण झाल्यावर कशाला, आत्ता का नाही? हिला लाजायला झालंय काय?   आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांना कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. लिहायचं कशाला, एकाच घरात राहतो. आणि इथे दहा दिवसांच्या ओळखीत कागदांची देवघेव चाललीय.

संध्याकाळी ही आंघोळीला गेली तेव्हा पर्स उघडून तो कागद काढला. वाचला नाही. दुसऱ्याचा कागद वाचायची माझी रीत नाही. घडीतून नुसतं अक्षर दिसलं, छापल्यासारखं, तेवढंही पुरे झालं. या डायरीच्या पुठ्ठ्याला मागे एक कप्पा आहे, त्यात सरकवून दिला. आता बस म्हणावं वाचत.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं घर पालथं घातलं हिने. पर्स झटकली, गादी उचलली, दुधाच्या पिशव्यांचा डबाही पाहिला.

"तुम्ही पाहिलात का हो तो कागद?"

"नाही."

"परत मागायची लाज वाटते. मला तोंडपाठ आहे म्हणा. तुम्हाला सांगू का? बसा ना पाच मिनिटं."

मी म्हटलं, "मला त्या माणसाचं प्रवचन नको. तुला मीठ नको, कळलंय मला. बाकी माझं मी बघतो."

 हिने गादी नीट घातली आणि पाय पोटाशी घेऊन पडली. वाईट वाटलं. पण हिला कागद हरवल्याचं एवढं दुःख व्हावं याचंही वाईट वाटलंच.

१७ मार्च, सोमवार

आज नशीब उघडलं. बेकरीला यीस्ट आणि इसेन्स पुरवणारा एजंट आला होता. सहज बोलता बोलता बिनमिठाच्या पावाचं रडगाणं गायलो. त्याने बॅगेतून एक पाकीट काढलं. हलकं मीठ. साध्या मिठातलं जे वाईट, ते सोडियम, यात निम्म्याहून कमी. पाकिटावर लाल रंगात हृदयाचं चित्र. "रक्तदाबवाले हेच नेतात," म्हणाला. मी चार पाकिटं ठेवून घेतली.

लगेच एक पाव लावला. पीठ हातात शहाण्यासारखं वागलं. वेळेवर फुगलं, भट्टीत उभं राहिलं, कड तांबूस आली. हिने पहिला काप खाल्ला, चावता चावता थांबली आणि म्हणाली, "अहो, हे काय केलंत? पूर्वीसारखा लागतोय."

"हाताची करामत."

"यात मीठ नाही ना?"

"चिमूटभरही नाही."

खोटं बोललो असं मी मानत नाही. जे मीठ हिला वर्ज्य, ते यात नावापुरतं. एकतीसला रक्ताचा रिपोर्ट येईल, आकडे चांगले येतील, ही त्याच्याकडे धावत सुटेल, तेव्हा मी पाकीट समोर ठेवणार. त्याने हिच्या तोंडची चव काढून घेतली आणि मी ती परत आणली. होऊन जाऊ दे हिशोब एकदाचा.

१९ मार्च, बुधवार

आता सूपमध्येही घालतो, अंड्यातही, भाजीतही. हिला पुन्हा भूक लागायला लागलीय. काल चार काप खाल्ले. मी मुद्दाम जाड कापतो.

पण हिच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही. समोर जाऊन सांगून आली की आमच्याकडे बिनमिठाचा पाव कसा झकास होतो. पाच वाजता तो हजर.

"पाववाले, मॅडम म्हणत होत्या. बिनमिठाचा पाव इतका चांगला कसा जमवता?"

"धंद्यातलं गुपित आहे."

"मीठ नाही, मग त्याजागी दुसरं काही घालता का? नाही, विचारून ठेवलेलं बरं."

मी म्हटलं, "मी कधी तुमच्या गोळ्यांत काय घालतात ते विचारलं?"

तो हसला. जरा ओशाळला असावा. चष्मा पुसत म्हणाला, "मी दिलेली यादी तुमच्यापर्यंत पोचली ना?"

"पोचली," मी म्हटलं. आणि ते तर शंभर टक्के खरं आहे.

२३ मार्च, रविवार

ही जिना चढताना मधेच पायरीवर बसली. म्हणे पायात शिसं ओतल्यासारखं वाटतं. एरवी दोन मजले बोलत बोलत चढणारी बाई. मला वाटतं गोळी मानवत नाहीये. मी तसं बोललोही, "बघ तुझ्या हुशार माणसाची गोळी." ही म्हणाली, "गोळी डॉक्टरांनी दिलीय, त्यांनी नाही." त्याची बाजू घेताना हिला बसल्या जागी ताकद येते.

अशक्तपणा आहे, खाल्लं की जाईल. रात्रीच्या सूपबरोबर पावाचा एक काप जास्त दिला.

२७ मार्च, गुरुवार

बोटांना मुंग्या येतात. सकाळी मळमळत होतं. मधेच छाती धडधडते आणि मग एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, म्हणाली. मी म्हटलं, सोमवारी रक्त द्यायचंच आहे, चार दिवसांचा प्रश्न आहे.

हिने मला न सांगता त्याला फोन केला. तो दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडून आला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला. हिची नाडी पाहिली आणि मला म्हणाला, "सोमवारची वाट बघू नका. आजच न्या."

"तुम्ही गोळ्या विका," मी म्हटलं, "डॉक्टर होऊ नका."

तो चिडला नाही. हिच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, रिक्षा बोलावू?" आणि ही उठली. माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागली. मग मीच शर्ट बदलला. त्याने बोलावलेल्या रिक्षात बसून मी माझ्या बायकोला दवाखान्यात घेऊन गेलो.

२९ मार्च, शनिवार

परवापासून ही दवाखान्यात आहे. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ. पाचच्या आत हवं. छातीला वायरी लावल्या, सलाईन लावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर झोपेत हृदय थांबलं असतं. 

आज हिचा आकडा उतरतोय. बाईंनी बसून विचारलं, "गोळीने थोडं वाढतं, पण इतकं नाही. खाण्यात काही बदल? मीठ, फळं, एखादं टॉनिक, काढा?"

ही म्हणाली, "काहीच नाही. मीठ तर बंदच आहे. पावसुद्धा हे बिनमिठाचा करतात." आणि माझ्याकडे बघून जराशी हसली.

मी मूग गिळून बसलो. मीठ कमी करायच्या गोष्टीचा पोटॅशियमशी काय संबंध, हे मला खरंच माहीत नाही. पण हिच्यासमोर मी तोंडावर खोटं ठरलो असतो, तेवढं मात्र माहीत होतं.

मग बाई म्हणाल्या, असं असेल तर गोळी कायमची बंद. तिच्यासारखं दुसरं काही आता हाताशी नाही. डायलिसिसची तयारी मनात ठेवा, कदाचित याच वर्षी. ही ऐकून घेत होती. बोटांवर काहीतरी मोजत होती.

लेक संध्याकाळच्या गाडीने आली. बाहेर बाकावर बसून मला म्हणाली, "बाबा, त्या दुकानदाराने दुसरीच गोळी दिली असणार. किंवा पथ्य चुकीचं सांगितलं. मी तक्रार करणार आहे. त्याचं लायसन्स गेलं पाहिजे."

हे कुणाला दाखवायचं नाही म्हणून खरं लिहितो. बायको आत वायरींमध्ये पडलेली असताना, ते ऐकून मला आनंद झाला.

३० मार्च, रविवार

लेकीला पुरावा हवा होता. माझ्याकडे होता की. त्याच्या हातची यादी. काहीतरी चुकीचं लिहिलेलं सापडेलच, म्हणून सकाळी बेकरीत येऊन या डायरीच्या कप्प्यातून कागद काढला आणि उघडला.

दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. ग्रेपफ्रूट किंवा त्याचा रस नाही, त्याने गोळीचा जोर वाढतो. नवं कुठलंही औषध, अगदी सर्दीचंही, आधी विचारा. उलट्या-जुलाब झाले तर लगेच कळवा. आणि या सगळ्यांच्या वर, दोनदा अधोरेखित केलेलं: "मीठ कमी करा, पण त्याऐवजी बाजारात मिळणारं हलकं किंवा कमी सोडियमचं मीठ कधीही वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. या गोळीबरोबर ते जिवावर बेतू शकतं."

पाकीट काढलं. हृदयाच्या चित्रामागे, बारीक अक्षरात, पोटॅशियम क्लोराइड. पोत्यावर बसून तीनदा वाचलं.

चार पाकिटांतलं एकच उरलं होतं. भट्टी पेटलेली होती. ते आणि हा कागद आत टाकला असता तर या जगात कुणालाही कधी कळलं नसतं. तक्रार झाली असती, समोरचं दुकान बंद झालं असतं, 'ते' म्हणजे पुन्हा मी झालो असतो. हा विचार मी केला. पाकीट हातात घेऊन भट्टीच्या दारापर्यंत गेलो होतो. पण मग गोळीही गेली असती. चुकीच्या कारणासाठी बंद झालेली गोळी हिला परत कुणी दिली नसती. आणि हिला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेली बघत, घरी हिच्यासाठी बिनमिठाचा पाव मीच भाजत बसलो असतो.

औषधवाला दुकानाच्या वरच राहतो. बनियनवर होता. पाकीट आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं, कागद चोरल्यापासूनचं. बोलून झाल्यावर मी वाट बघत बसलो. त्याने चष्मा चढवला, पाकिटाची मागची बाजू वाचली आणि म्हणाला, "किलोला किती ग्रॅम घालता?"

"वीस."

"एका पावाला पीठ किती? त्या किती काप खायच्या? सूपमध्ये किती?"

आम्ही दोघांनी मिळून मोजलं. दिवसाला जवळजवळ दीड चमचा. त्याने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आकडे सांगितले. मला सांभाळून घेतलं, नुसतं "घरात मीठ बदललं गेलं" म्हणाला. मग फोन ठेवून मला म्हणाला, "मॅडमना मात्र मी सांगणार नाही. ते तुमचं काम." कागद त्याने मला परत दिला, तो पुन्हा या डायरीच्या कप्प्यात ठेवलाय.

त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

३१ मार्च, सोमवार

आज लेकीला आधी सांगितलं, मग हिला. लेक उठून बाहेर गेली. ही पडल्या पडल्या ऐकत होती.

"मी विचारलं होतं तुम्हाला. यात मीठ नाही ना, म्हणून."

"हो."

"तुम्ही चिमूटभरही नाही म्हणालात. मग मी परत कशाला विचारू?"

 मी बोलून टाकलं, "मला त्याचा हेवा वाटत होता."

"कुणाचा?"

खरंच विचारलं हिने. कपाळाला आठ्या घालून, अवघड गणितासारखं. मी समोरच्या कोपऱ्याकडे हात केला, दवाखान्यातून तो कोपरा दिसत नसला तरी. हिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा हसेल असं वाटलं होतं. ही भिंतीकडे तोंड करून पडली.

५ एप्रिल, शनिवार

काल घरी आणलं. बोलते, पण कामापुरतं. लेक जाताना माझ्या पाया पडली नाही, नुसता हात हलवला. कालपासून हिच्या ताटात वाढतो ते सगळं हिच्यासमोर शिजवतो. डबे उघडे ठेवतो. हिने तसं सांगितलेलं नाही.

पाच वाजता औषधवाल्याला पहिल्या घाण्यातला, मधल्या रांगेतला पाव दिला. त्याने घरी नेऊन खाल्ला असेल. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे त्याचं, ते मात्र अजूनही सोसत नाही.

९ एप्रिल, बुधवार

पोटॅशियम चार पूर्णांक सहा. डॉक्टरबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, अर्ध्या ताकदीची. दर आठवड्याला रक्त द्यायचं. डायलिसिसचं नाव निघालं नाही. येताना औषधवाल्याकडे गेलो आणि या वेळी प्रश्न मी विचारले. पिशवी हिने धरली होती.

संध्याकाळी बिनमिठाचा पाव कापत होतो. पुन्हा बसका झालाय. ही टेबलापाशी येऊन बसली आणि आपणहून बोलली.

"तो कागद वाचलात म्हणता. मागची बाजू वाचलीत?"

मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. डायरी आणून कागद उलटा केला. हिचं अक्षर, फळ्यावर लिहायची तसं मोठं:

"अहो, ही यादी मी त्यांच्याकडून तुमच्यासाठी लिहून घेतली. तोंडी सांगायला गेले की तुम्ही तोंड फिरवता, म्हणून कागदावर. मला भीती वाटते तेव्हा मी आकडे मोजत बसते, आणि त्यांना आकडे कळतात, एवढंच. पण मला जेवू घालता तुम्ही. म्हणून एवढं सांभाळा. बाकी तुमच्या हातचं काहीही मी डोळे मिटून खाईन."

खाली तारीख घातलीय, तेरा मार्च. सतरापासून पुढे दहा दिवस हिने तसंच खाल्लं.